वाचनाची कीर्द कशी लिहावी

माझ्या जुन्या वाचनवहीत एक नोंद आहे : ‘कथा छान. भाषा ओघवती. शेवट मनाला चटका लावून जातो. अवश्य वाचावे.’ वर पुस्तकाचं नाव लिहायचं राहून गेलंय, आणि नुसत्या मजकुरावरून ते पुस्तक कुठलं हे मला आज काही केल्या सांगता येत नाही. प्रेमकथा असेल, राक्षसांची असेल. चटका म्हटलंय म्हणजे पाककृतींचंही असू शकेल.

मी मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या एका घाऊक पेढीवर हिशेब लिहिते. जलद गाड्या मशीदला थांबत नाहीत, म्हणून डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरते. जाताना सव्वा तास खिडकीशी, येताना सव्वा तास बहुतेक चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकून. या अडीच तासांत मी जादूच्या कादंबऱ्या, प्रेमकथा आणि कॉमिक्स वाचते. आमच्या डब्यातल्या एक बाई गुरुचरित्र वाचतात, त्या माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात. बघू देत.

पेढीवर आता सगळं संगणकावर, टॅलीत चालतं. मी लागले तेव्हा मात्र एक म्हातारे मेहताजी होते आणि त्यांनी मला वर्षभर हातानं कीर्द लिहायला लावली. कीर्द म्हणजे रोजची नोंदवही. जो व्यवहार ज्या दिवशी झाला तो त्याच दिवशी, झाला त्या क्रमानं लिहायचा. मग तिच्यावरून खतावणी, म्हणजे ज्याचं त्याच्या खात्यावर टाकायचं. मेहताजींचा धोशा एकच असायचा, ‘ताई, आजचं आज लिहा, पावती बघितल्याशिवाय लिहू नका, आणि खोडू नका. चुकलं तर खाली दुरुस्तीची नोंद करा.’ ओघवत्या भाषेचं ते निनावी पुस्तक सापडलं, त्या दिवशी लक्षात आलं की शेठच्या बदामाचा हिशेब मी जेवढा नीट ठेवते, तेवढा स्वतःच्या वाचनाचा ठेवत नाही. तेव्हापासून वाचनाची कीर्द लिहिते. कशी लिहिते ते सांगते, जमलं तर करून बघा.

वही साधी शंभर पानी घ्या. भारीतली घेतलीत तर पहिलं वाक्य चांगलं यावं म्हणून आठवडाभर कोरी राहील. समासात तारीख आणि पुस्तकाचं पान, उजवीकडे नोंद, रोज तीन-चार ओळी. पुस्तक संपायची वाट बघू नका, कारण शेवट सगळ्यावर पाणी फिरवतो. शेवट गोड झाला की मधली साठ पानं रटाळ होती हे आपण विसरतो. आणि शेवट फसला, तर पहिली शंभर पानं कसली रंगली होती तेही विसरतो. मी तर पुढे काय होईल याचा अंदाजही लिहून ठेवते. तो चुकला की नेमकं कुठे फसले ते दिसतं, आणि लेखकाची हातचलाखी तिथेच पकडता येते.

लोकलमध्ये वही काढणं शक्य नाही. पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यावर पेन्सिलही लावायची नाही. मी पेढीवरच्या वजनाच्या जुन्या चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर पानाचा आकडा आणि दोन शब्द खरडायचे, की मुंब्रा येईपर्यंत पुन्हा पुस्तकात. रात्री कुकर लावला की त्या चिठ्ठ्यांवरून वहीत नोंद. आणि नोंद होईपर्यंत त्या पुस्तकाबद्दल दुसऱ्या कोणाचं काहीही वाचायचं नाही. दुसऱ्याचं मत आधी वाचलं, की आपल्याला तेच वाटलं होतं असं वाटायला लागतं, तेही त्याच्याच शब्दांत.

आता पावती. नुसतं ‘आवडलं’ ही बिनपावतीची नोंद झाली. कोणत्या पानावर, कशामुळे, हे लिहिल्याशिवाय ती खरी मानायची नाही. सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ ही २०२० सालची कादंबरी मी या पावसाळ्यात वाचली. तिच्यात एक माणूस संपता न संपणाऱ्या एका घरात राहतो. दालनामागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र आणि वरच्या मजल्यांवर ढग. पहिल्या रात्री मी लिहिलं, ‘हा माणूस मला आवडला.’ मग स्वतःलाच विचारलं, पावती? पान उलटत मागे गेले तेव्हा सापडली. त्या घरात तेरा मेलेल्या माणसांची हाडं आहेत. ती कोणाची हे त्याला माहीत नाही, तरी तो त्यांच्यापाशी जाऊन खाणंपिणं आणि कमळं ठेवतो. ‘आवडला’ खोडलं नाही. खाली लिहिलं : ‘सर्वपित्रीला आई गच्चीवर पान ठेवते, तिला तरी मागच्या तीन पिढ्यांपलीकडची नावं कुठे माहीत आहेत?’ ही नोंद माझी आहे. ती दुसऱ्या कोणाच्या वहीत सापडणार नाही.

त्याच पुस्तकातून मी एक सवय उचलली. तो माणूस स्वतः रोजनिशी लिहितो, तिची सूची करतो, आणि वर्षांना आकडे न देता नावं देतो. नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला, ते त्या पक्ष्याचं वर्ष. मी महिन्यांना अशी नावं देते. ‘कुकरची शिटी उडाली तो महिना.’ ‘आईचा मोतीबिंदू काढला तो महिना.’ पोरकटपणा वाटेल, पण उपयोग होतो. मोतीबिंदूच्या महिन्यात वाचलेलं एकही पुस्तक मला आवडलेलं नाही. आता कळतं की त्यात पुस्तकांचा दोष नव्हता, मी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचत होते.

जादूच्या कादंबऱ्यांसाठी माझे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, इथल्या जादूचा नियम काय आणि ती फुकट आहे का? फुकट असेल तर मला पन्नासाव्या पानापर्यंत झोप येते, आणि तसं मी लिहिते. दुसरा प्रश्न जास्त कामाचा : हे आमच्या घरात कुठे आहे? अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) प्रत्येक वस्तूला आणि माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता. म्हणून खरं नाव लपवायचं आणि चारचौघांत वापरायला दुसरं ठेवायचं. नायक तेरा वर्षांचा होतो तेव्हा गुरू त्याला नदीच्या गार पाण्यातून चालत यायला लावतो आणि पलीकडच्या काठावर त्याचं नाव, गेड, हळूच सांगतो. घाटकोपरच्या आसपास हे वाचलं आणि थांबले. चिठ्ठीवर लिहिलं : ‘बारसं!! आत्या. कुर्रर्र.’

रात्री वहीत त्यावर पान भरून लिहिलं गेलं, कारण आजी आठवली. आजीनं जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही. त्यांना ‘अहो’, दुसऱ्याशी बोलताना ‘हे’, आणि नाव घ्यायचंच तर उखाण्यात, तेही हळदीकुंकवाला बायकांनी फार आग्रह केला तर. रेशनकार्डाच्या वेळी खिडकीतल्या माणसानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिनं माझ्या आईला पुढे केलं होतं, ‘तूच सांग गो.’ आम्ही तेव्हा हसलो होतो. अर्थसीत एक मित्र दुसऱ्याला आपलं खरं नाव विश्वासानं सांगून टाकतो, त्या पानावर मला ते हसणं टोचलं. आता ही काही पुस्तकाची समीक्षा नव्हे. पण ते पुस्तक माझ्यात कुठे जाऊन लागलं त्याची ही पावती आहे, आणि ती लिहून ठेवली नसती तर महिन्याभरात ‘जादूगारांची शाळा असलेलं एक चांगलं पुस्तक’ एवढीच शिल्लक राहिली असती.

(परकी नावं लक्षात राहात नसतील तर तेही लिहा. एका जाडजूड मालिकेच्या पहिल्या भागावर माझी नोंद एवढीच आहे : ‘पान ९०. सहा राजे. कोण कोणाचा भाऊ देव जाणे. ठेवून दिलं.’)

प्रेमकथांचं लिहायचं म्हणजे आधी लाज सोडावी लागते. मी लहान असताना शेजारच्या काकू काकोडकरांच्या कादंबऱ्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायच्या. त्याच चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयानं कथा अश्लील नाही असा निकाल दिला. म्हणजे देशाच्या न्यायमूर्तींनी ही प्रेमकथा नीट बसून वाचली, त्यावर विचार केला आणि लेखी मत दिलं. त्यांना लाज वाटली नाही तर आपण कव्हर कशाला घालायचं? आणि प्रेमकथेची नोंद करताना ‘तशी हलकीफुलकी आहे’ अशी माफी आधीच मागून ठेवू नका. तुम्ही ती रात्री एकपर्यंत वाचली असेल, तर एकपर्यंत वाचली असं लिहा.

प्रेमकथेत मी तीन जागा शोधते. ही दोघं एकत्र यावीत असं मला पहिल्यांदा कुठल्या पानावर वाटलं? त्यांच्यामधली अडचण एका वाक्यात काय? आणि दोघांनी पाच मिनिटं नीट बोलून ती मिटली असती का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं की बहुतेक वेळा मी चिडलेली असते. बहुतेक वेळा, दर वेळी नाही. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएशन’चंच बघा. ती वारली जुलै १८१७ मध्ये, पुस्तक छापून आलं त्याच वर्षी डिसेंबरात. ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी तिनं वडीलधाऱ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून वेंटवर्थ नावाच्या आरमारी अधिकाऱ्याला नकार दिला होता. तो आता कप्तान होऊन, पैसा मिळवून परत आलाय आणि दोघं त्याच त्या दिवाणखान्यांत एकमेकांशी न बोलता वावरतायत. माझी पहिल्या दिवसाची नोंद : ‘बावळट बाई. आठ वर्षं काय केलं? मला हिचा राग येतो.’

चौथ्या दिवशी नवव्या प्रकरणात पोचले. ॲन आजारी भाच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आहे. त्याचा धाकटा भाऊ, दोन वर्षांचं कार्टं, तिच्या पाठीवर चढून मानेला घट्ट मिठी मारतं आणि सांगूनही उतरत नाही. एकाएकी पाठीवरचं ओझं नाहीसं होतं. कोणीतरी त्याला उचलून घेतलेलं असतं. तो वेंटवर्थ असतो. तो काही बोलत नाही, तिला आभार मानायलाही शब्द सुचत नाहीत. झालं एवढंच. मी पुस्तक मिटून दिवा स्टेशनपर्यंत खाडी बघत बसले. नोंद : ‘नवव्या प्रकरणात मूल उचललं. इथून दोघं एकत्र यायलाच हवीत.’ पाच मिनिटं बोलून ते सुटलं असतं, हे खरं. पण ती पाच मिनिटं त्यांना कोणी देत नव्हतं आणि मागायची दोघांचीही हिंमत नव्हती. शेवटाकडे तो भरल्या खोलीत टेबलाशी बसून तिला पत्र लिहितो, ती पलीकडे दुसऱ्याच माणसाशी स्त्री-पुरुषांत जास्त काळ प्रेम कोण करतं यावर बोलत असते, आणि त्याला ते ऐकू येत असतं. त्या पानाच्या समासात मी तारखेऐवजी चुकून दुसऱ्या दिवशीची भरण्याची रक्कम लिहिली आहे. खोडलेली नाही.

आणि त्या ‘बावळट बाई’चं काय? तेही तसंच आहे. त्याखाली दोन महिन्यांनी दुरुस्तीची नोंद केली : ‘चोविसाव्या वर्षी मीही घरच्यांच्या सांगण्यावरून एकाला नाही म्हटलं होतं. राग ॲनचा नव्हता.’ पहिली नोंद खोडली असती, तर या दुसरीला काही अर्थच राहिला नसता.

कॉमिक्स दोनदा वाचायचं. पहिल्यांदा नेहमीसारखं, दुसऱ्यांदा फुग्यांतला एकही शब्द न वाचता. पहिलं वाचन ठाणे ते मुलुंड एवढ्यात होऊ शकतं, आणि म्हणूनच लोक ‘लगेच संपलं’ म्हणून ठेवून देतात. दुसऱ्या वाचनात दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीवर थांबा. एका चौकटीत हात टेबलावर आहे, पुढच्या चौकटीत तो दुसऱ्याच्या हातात आहे. मधलं कोणी काढलं? तुम्ही. ते लिहा. सतरा वर्षांच्या भाचीनं मला ॲलिस ओसमन यांचं ‘हार्टस्टॉपर’ वाचायला दिलं. इंग्लंडातल्या एका शाळेतल्या चार्ली आणि निक या दोन मुलांची गोष्ट, आधी वेबवर आली आणि मग पुस्तकांत. माझी नोंद : ‘पहिल्या वाचनात वाटलं, नुसतं हाय आणि हाय. पानंच्या पानं हाय! दुसऱ्यांदा फक्त चेहरे बघितले. प्रत्येक हाय वेगळं आहे.’ चौकटींतून झाडाची पानं तरंगत जातात, तीही मला दुसऱ्याच वाचनात दिसली. चौकट वहीत काढून ठेवा, काड्यांची माणसं चालतील. माझ्या वहीतला निक ब्रशसारखा दिसतो, पण त्याची मान कुठे वळली होती ते कळतं.

लहानपणी वाचलेलं कॉमिक पुन्हा हाती आलं तर उघडायच्या आधी पाच मिनिटं थांबा आणि जे आठवतं ते लिहा. हिशेबात आम्ही याला मागील बाकी म्हणतो. मला रद्दीवाल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा मिळाला. १९६४ ते १९९० निघायची ती मालिका, मराठीत वेताळ नावानं यायचा तो फँटम. मागील बाकी : ‘कवटीची अंगठी. पांढरा घोडा. कुत्रा नव्हे, लांडगा. भीती वाटायची नाही, कोणीतरी आहे असं वाटायचं.’ मग वाचलं. नोंद : ‘जंगल सगळ्या काळ्या माणसांचं आणि राखणदार एकवीस पिढ्या गोराच! हे मला नवव्या वर्षी दिसलं नाही.’ मूळ इंग्रजी कथेतला बंगाला देश आपल्याकडे डेंकाली करून छापला जायचा, हेही मला फार उशिरा कळलं. दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत. दुसरी खरी म्हणून पहिली खोटी ठरत नाही, पांढरा घोडा अजून आवडतोच. आणि एक मजा बघा. ली फॉकनं वेताळ सुरू केला १९३६ला, त्याची प्रेयसी डायना पहिल्यापासून होती, आणि दोघांचं लग्न लागलं १९७७ला. एक्केचाळीस वर्षं! माझा पाच मिनिटांचा प्रश्न इथे विचारण्यातही अर्थ नाही.

महिनाअखेरीला खतावणी करा, रविवारी अर्धा तास पुरतो. खात्यांची नावं तुमची तुम्ही ठरवा, फक्त ‘आवडलं’ आणि ‘नावडलं’ अशी दोनच ठेवू नका. माझी खाती अशी आहेत : स्टेशन चुकलं. झोपले. चिडले. मधेच सोडलं. कोणालातरी फोन केला. ‘स्टेशन चुकलं’वर एकूण सात नोंदी आहेत, आणि त्यांतल्या पाचांत कोणीतरी कोणासाठी तरी न बोलता काहीतरी करतं. मूल उचलतं, कमळं ठेवतं. मला वाटायचं मी लढायांसाठी वाचते. लढाया सगळ्या ‘झोपले’वर निघाल्या.

वहीतलं दुसऱ्याला सांगायचं असेल तर पावत्या सांगा, गोष्ट सांगू नका. भाचीचा दम आहे, ‘मावशी, शेवट सांगितलास तर बघ.’ म्हणून ‘पिरानेसी’ तिला देताना एवढंच म्हटलं की यातला माणूस आपली जुनी वही उघडतो ते पान आलं की मला फोन कर. मंगळवारी रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. तिच्या वहीत तिचं पहिलं खातं उघडलं गेलं.

एक नोंद अजून कुठेच बसत नाही. हिशेबात ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती उचंत खात्यावर टाकतात. ओघवत्या भाषेचं आणि चटका लावणाऱ्या शेवटाचं ते निनावी पुस्तक मी तिथे टाकलंय. पावती मिळेपर्यंत दर महिन्याला पुढे ओढते.